मूठ जुनी, झुपका नवा: जीर्णोद्धारानंतर वस्तू तीच राहते का?

दाढीच्या ब्रशाचे दोन भाग असतात: हातात धरायची मूठ आणि तिच्या तोंडाशी पक्का बसवलेला केसांचा झुपका. मूठ लाकडाची, शिंगाची, हाडाची किंवा पितळेची असते आणि नीट सांभाळली तर दोन-तीन पिढ्या टिकते. झुपका बॅजर, डुक्कर किंवा घोडा यांच्या केसांचा असतो. अलीकडे तो कृत्रिम धाग्यांचाही मिळतो. रोजच्या गरम पाण्याने केस तुटतात, मुळाशी साबण साचतो आणि काही वर्षांत झुपका विरळ होतो.

अशा वेळी जुनी मूठ ठेवून नवा झुपका बसवता येतो. आधी जुने केस तोंडाशी कापून टाकतात. आत उरलेला लाखेचा किंवा राळेचा गोळा वाफेने मऊ करून किंवा ड्रिलने हळूहळू कोरून काढतात. खळग्याचा व्यास मोजतात. तो बहुधा २० ते २६ मिलिमीटर भरतो. त्या मापाचा झुपका आधी कोरडाच ठेवून पाहतात, कारण तो किती वर राहतो यावर ब्रशाचा ताठपणा ठरतो. फार वर राहिला तर लुळा पडतो, फार खोल गेला तर गालाला बोचतो. खळगा जास्त खोल असेल तर तळाशी लाकडाची चकती घालतात. मग इपॉक्सीने चिकटवून तो दिवसभर सुकू देतात.

झुपका बदलणे ही केवळ हौस नसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली होती. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, हे त्याचे कारण. त्या काळातला ब्रश हाती आला तर मूठ ठेवून केस टाकून देणे शहाणपणाचे ठरते.

आजोबांच्या धोकटीतला ब्रश असा दुरुस्त झाला, तरी घरची माणसे त्याला आजोबांचाच ब्रश म्हणतात. खंडेनवमीला वस्तरा आणि कात्रीशेजारी तोच ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात. पण आजोबांच्या हाताखाली गिऱ्हाईकांच्या गालांवर फिरलेला एकही केस त्यात उरलेला नसतो. पुढे मूठ तडकली आणि तीही बदलली, तर आजोबांचे म्हणावे असे काहीच उरत नाही. मग ‘तोच ब्रश’ या शब्दांना अर्थ काय? ग्रीक लेखक प्लुटार्क याने हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाबाबत नोंदवला आहे. कुजलेली प्रत्येक फळी बदलत गेलेले ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले होते.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची प्रसिद्ध मांडणी ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा तो संवाद. राजा रथातून आला होता. चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे नागसेन एकेक विचारतो आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. शेवटी ठरते ते असे, की भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारासाठी ‘रथ’ हे नाव दिले जाते. त्या नावामागे वेगळी अशी रथवस्तू नाही. या संवादाला पुणे जिल्ह्यातला जुन्नर परिसर परका नाही. इथल्या डोंगरांत २०० च्या आसपास लेणी कोरलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्ध आहेत. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांतील शिलालेखांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने नोंदलेली आहेत. पाण्याच्या टाक्या, भोजनमंडप अशी ती दाने होती. मिलिंदाच्या जातकुळीतली माणसे नाणेघाटाच्या वाटेवरील या बाजारपेठेत राहत होती आणि बौद्ध संघाला दान देत होती. नागसेनाच्या मते ब्रश ‘तोच’ आहे का, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. नाव चालते तोवर ब्रश तोच. त्यापलीकडे शोधण्यासारखे काही नाही.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरोखर अस्तित्वात असतो. पण या मताची किंमत मोठी आहे. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांतून नवा निर्माण होतो. वस्त्राचा तुकडा फाटला तर उरते ते दुसरे वस्त्र. या हिशेबाने झुपका कापला त्या क्षणी आजोबांचा ब्रश संपला. मग ‘हा तोच’ ही ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, येते कोठून? शास्त्रकारांनी यासाठी दिलेला नेहमीचा दाखला योगायोगाने न्हाव्याच्या कामातलाच आहे: कापून पुन्हा उगवलेले केस. माणूस त्यांना ‘तेच केस’ म्हणतो, पण केस नवे असतात. फक्त जात आणि रूप सारखे असते. क्षणभंगवादी बौद्धांनी हाच दाखला पुढे नेला आणि प्रत्येक प्रत्यभिज्ञा अशी सादृश्यावर उभी असते असे म्हटले. म्हणजे ब्रश आणि त्याने भिजवलेली दाढी, दोन्हींबाबत प्रश्न एकच आहे.

जैन विचार मधली वाट दाखवतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी असतात. सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट नष्ट होतो, मुकुट निर्माण होतो आणि सोने टिकते. ब्रशाला हे मूठ शाबूत आहे तोवर लागू पडते. गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त मात्र इथे लावता येत नाही. त्यात वस्त्रे बदलणारा आत्मा आधीच मानलेला आहे. ब्रशाच्या आत असा कोणी देही नाही.

वस्तूच्या बाजूने सर्वांत उपयोगी उत्तर जीर्णोद्धाराच्या शास्त्रात सापडते. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा वेगळा विचार आहे. त्यानुसार जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत आणि दगडाची असेल तर पाण्यात विसर्जित करावी, आणि नवी मूर्ती त्याच मापाची व त्याच द्रव्याची असावी. विहिरी, बारव आणि तळी यांच्या जीर्णोद्धाराचेही पुण्य तिथे सांगितले आहे. आगमपद्धतीत आणखी एक पायरी येते. जुनी मूर्ती हलवण्याआधी देवतेचे सान्निध्य मंत्राने पाण्याच्या कलशात घेतात आणि नवी मूर्ती तयार झाल्यावर तिच्यात ठेवतात. पुरीच्या जगन्नाथाचा २०१५ साली झालेला नवकलेवर सोहळाही याच विचाराचा: लाकडी विग्रह नवे, पण आतला ब्रह्मपदार्थ जुन्यातून नव्यात जातो. या विधींचे सूत्र असे, की बदलाच्या क्षणी ओळख उघड्यावर पडू द्यायची नाही. ती सांभाळणारे काहीतरी मध्ये असलेच पाहिजे.

जुन्नर आणि आंबेगावात हे सूत्र तपासता येते. ओझरच्या विघ्नहर मंदिराचा जीर्णोद्धार १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी केल्याचे सांगितले जाते, आणि १९६७ मध्ये तो पुन्हा झाला. बांधकाम बदलत गेले तरी पूजा चालू राहिल्याने मंदिर तेच राहिले. लेण्याद्रीला उलट घडले. तिथला खडक दोन हजार वर्षांच्या आसपास जागचा हललेला नाही, पण भिक्षूंसाठी कोरलेल्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. द्रव्य सगळे तेच आणि काम दुसरे; म्हणून त्या एका जागेला बौद्ध विहार आणि अष्टविनायकांपैकी एक स्थान अशा दोन ओळखी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. आंबेगावची गोष्ट तिसरी आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण तालुक्याचे नाव आंबेगावच आहे. घरे, मंदिरे आणि शेते पाण्याखाली गेल्यावर गावाची आठवण नावाने धरून ठेवली. ते नाव म्हणजे या भूमीचा कलश.

ब्रशाचे उत्तरही यातून मिळते. फक्त झुपका बदलला तर मूठ हीच कलश असते. तिच्यामुळे नवे केस आजोबांच्या ब्रशाचे केस होतात. काही वर्षांनी मूठ बदलावी लागली, तर तोवर त्या ब्रशात मुरलेला झुपका ओळख पुढे नेतो. असे एकेक करून सगळे बदलले तरी साखळी तुटत नाही, आणि ब्रश तोच म्हणणे योग्य ठरते. मूठ आणि झुपका एकाच दिवशी बदलले तर मात्र मध्ये धरून ठेवणारे काही नसते. तो दुसरा ब्रश. या उत्तराला दोन अटी आहेत. नव्या झुपक्याचे माप आणि काम जुन्याचेच हवे, नाहीतर लेण्याद्रीसारखी ओळख दुहेरी होते. आणि केस नवे आहेत हे उघड सांगितले पाहिजे. जीर्णोद्धारात जुन्या मूर्तीला विसर्जनाचा मान दिला जातो. ती कधी नव्हतीच असे कोणी भासवत नाही. ज्या वस्तूचा बदल लपवला जात नाही आणि जिचा सांभाळ तुटत नाही, तिला ‘तीच’ म्हणणे ही भ्रांती नसून सांभाळणाऱ्या हातांना दिलेली पावती असते.