अख्खा आठवडा

सोमवारी पहिलीच्या वर्गात फळ्यावर चार अक्षरे येतात: न, म, क, ल. सोबतीला एक काना. एवढ्या भांडवलावर मामा, काका, नाक, कान, काम, लाल, कमल इतके शब्द वाचता येतात. पण सोमवारी मूल ते वाचत नाही. ते बाईंच्या मागून म्हणते, पाटीवर गिरवते, घरी जाते. मंगळवारी दोन अक्षरे विसरून येते. बुधवारी ‘न’ला ‘म’ म्हणते आणि शेजारची मुलगी त्याला सुधारते. गुरुवारी कोणी न सांगता पाटीवर ‘मका’ लिहून दाखवते. तो शब्द बाईंनी फळ्यावर लिहिलेलाच नसतो. शुक्रवारी तेच मूल समोर ठेवलेल्या पट्टीवर बोट फिरवत ‘काका कान’ असे काहीतरी वाचते आणि थांबून विचारते, “काकाचा कान ना?”

त्या प्रश्नात वाचन सुरू झालेले असते. अक्षरांच्या आवाजांमागे काही अर्थ आहे, आणि तो जुळत नसेल तर विचारायचा असतो, हे मुलाला उमगलेले असते. मात्र मंगळवारी कोणी तपासणीला आले असते, तर त्यांच्या वहीत या मुलापुढे ‘अप्रगत’ असाच शेरा पडला असता.

प्राथमिक शाळेतले शिकणे वर्षाच्या निकालात मोजले जाते आणि तासिकेच्या वेळापत्रकात बसवले जाते. प्रत्यक्षात ते घडते आठवड्यात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवले, की नवे पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते टिकते, हेही त्याने नोंदवले. म्हणून मंगळवारचे विसरणे हा मुलाचा दोष नाही. बुधवारी बाई तिथे असतील आणि तीच अक्षरे पुन्हा नव्या खेळात समोर येतील, तर ते विसरणे शिकण्याचाच भाग ठरते. बुधवार मोडला, तर मात्र ते नुसतेच विसरणे उरते.

गणितात हे आणखी ठळक दिसते. मराठी मूल ‘त्रेचाळीस’ ऐकते तेव्हा आधी तीन ऐकते आणि मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी, तीन नंतर. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तिच्यामागे हीच अडचण होती. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. राज्यभर वाद झाला, विधिमंडळातही पडसाद उमटले. भाषा बिघडेल का, यावर पुष्कळ बोलले गेले. दुसरीच्या मुलाला दहा काड्यांचा गठ्ठा बांधायला, तो सोडायला आणि पुन्हा बांधायला किती दिवस सलग मिळतात, याची चर्चा फारशी झाली नाही. नाव ‘वीस तीन’ असो वा ‘तेवीस’, दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या हाताखालून अनेकदा गेल्याशिवाय ती संख्या मुलाची होत नाही.

खेड्यातल्या मुलाला आठवडा शाळेआधी बाजार शिकवतो. बाजाराच्या दिवशी कोण येणार, काय विकणार, आई किती पैसे घेऊन निघणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या शाळांमधले, मुलेच दुकाने मांडतात ते बालआनंद मेळावे हा नुसता करमणुकीचा कार्यक्रम मानणे चूक आहे. मेळाव्याच्या आधीच्या चार दिवसांत खरे काम होते. घरच्या मेथीच्या जुड्या किती होतील, पाव किलोचा भाव अर्ध्या किलोवरून कसा काढायचा, पाटीवर ‘भेंडी’ नीट कशी लिहायची, वीसची नोट आली तर परत किती द्यायचे. चौथीचे मूल हिशेब करते, पहिलीचे मूल पाटी धरून उभे राहते आणि ऐकत ऐकत शिकते. मेळावा एका दिवसात उरकला, तर हाती छायाचित्रे राहतात. आठवडाभर चालला, तर त्यात भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्ही विषयांचे काम होते.

मुलांच्या आठवड्यात शाळा बसवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि तो पार फसतो. मग तो गोष्टी सांगू लागतो. एका गोष्टीने वर्ग बदलत नाही. उद्या पुढची गोष्ट आहे, या भरवशावर मुले रोज ऐकायला बसतात. हा भरवसा शिक्षकाच्या रोज तिथे असण्यातून येतो.

आणि नेमके तेच आज सर्वांत दुर्मीळ झाले आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवून दिले. शिक्षकासाठी तयारी धरून आठवड्याला 45 तास सांगितले. म्हणजे शिक्षकाचे काम कायदा आठवड्याने मोजतो, मुलाच्या वाट्याचे शिकणे मात्र वर्षाने. वर्षाच्या बेरजेत 200 दिवस भरतात. त्यातले किती आठवडे अखंड गेले, हे कोणी विचारत नाही. त्याच कायद्याचे कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य बिगरशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगते. तरीही माहिती भरणे, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे आधार तपशील जुळवणे, तातडीच्या बैठका, प्रशिक्षणे हे सारे शाळेच्याच वेळेत येऊन पडते. मतदारयाद्यांचे काम तर निवडणूक नसतानाही चालू राहते.

याचा फटका सर्वांत आधी छोट्या शाळेला बसतो. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा निकष. पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत वाटले, की प्रत्येकाकडे एका वेळी दोन वर्ग. त्यातला एक शिक्षक बैठकीला गेला, की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. तिसरी-चौथीची मुले तेव्हा पुस्तक उघडून काही लिहीत तरी बसतात. पहिलीच्या मुलाला स्वतःहून वाचताच येत नाही, म्हणून शिक्षक नसल्याची सर्वाधिक किंमत तेच मोजते.

माहिती शासनाला हवी असते आणि निवडणुका व्हायलाच हव्यात. प्रशिक्षणातूनही शिक्षकाला काही मिळतेच. मागणी एवढीच आहे, की या कामांना मुलांच्या वेळेबाहेर जागा ठरवून द्यावी. नोंदींसाठी केंद्रशाळेच्या पातळीवर वेगळा कर्मचारी असावा. बैठका महिन्याच्या ठरलेल्या एकाच दिवशी, तीही शाळा सुटल्यावर घ्याव्यात. प्रशिक्षणे सुट्टीत, मोबदल्यासह व्हावीत. आणि दोन शिक्षकी शाळेतला शिक्षक बाहेर पाठवायचा असेल, तर बदली शिक्षक येईपर्यंत पाठवू नये. तपासणीच्या नमुन्यातही एक रकाना वाढवावा: गेल्या तीन महिन्यांत दोन्ही शिक्षक सोमवार ते शनिवार वर्गावर हजर होते असे आठवडे किती?

शनिवारी सकाळची शाळा असते. दप्तरे हलकी असतात, मैदानावर कवायत होते, मग वर्गात गोलात बसून आठवड्याची पट्टी पुन्हा काढली जाते. मंगळवारी विसरलेले मूल आता ती हातात धरून दुसऱ्याला विचारते, “सांग, हे काय?” दुसरे मूल चुकते. बाई काही बोलत नाहीत. दोघांकडे बघत थांबतात. वहीत येत्या सोमवारच्या पानावर त्यांनी पुढचे अक्षर लिहून ठेवले आहे: ‘र’.