रहस्यकथेंतील वाटा व अंतरें

दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकेंत एखादा संशयित बोरिवलीस दिसावा आणि कथेच्या घड्याळांत दहा मिनिटें सरतात न सरतात तोंच मुलुंडास प्रकट व्हावा, म्हणजे उपनगरांतील प्रेक्षक चुळबूळ करूं लागतो. नकाशावर हीं स्थळें शेजारीं भासतात खरीं. परंतु त्यांच्यामध्यें राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य पसरलें आहे. आगगाडीनें जावें तर दादरास उतरून मार्ग बदलावा लागतो. मोटारीनें जावें तर घोडबंदरावरून ठाण्याचा वळसा.

कल्पित कथेस हा हिशेब कशाला, असें कोणी म्हणेल. अॅरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत कवीच्या चुकांचे दोन वर्ग पाडले आहेत: एक कलेच्या मर्मास लागणारी, दुसरी केवळ आनुषंगिक. हरिणीस शिंगें नसतात हें चित्रकारास ठाऊक नसणें ही त्याच्या मतें लहान चूक. हा निवाडा आम्हांस मान्य आहे. प्रेमकथेचा नायक क्षणांत अंधेरीहून घाटकोपरास पोहोंचला, तर प्रेमाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रहस्यकथेंत वाट हाच पुरावा असतो. तेथें ही चूक आनुषंगिक राहत नाहीं.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील अकराव्या कलमाचें उदाहरण पाहावें: गुन्हा कलकत्त्यास घडला आणि आरोपी त्या दिवशीं लाहोरास होता, ही गोष्ट प्रस्तुत होय. इतकेंच नव्हे, गुन्ह्याच्या सुमारास तो इतका दूर असणें कीं त्याच्या हातून तो घडणें अत्यंत असंभाव्य ठरावें, हेंही प्रस्तुत. १ जुलै २०२४ रोजीं तो कायदा जाऊन नवा आला. तत्त्व तेंच राहिलें. निरपराध्याचें रक्षण पुष्कळदा केवळ मैलांच्या हिशेबावर अवलंबून असतें.

हा हिशेब स्थिरही नसतो. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि जेथें गर्दीच्या वेळीं सहज तासभर मोडे, तेथें सुमारें वीस मिनिटें पुरूं लागलीं. म्हणजे २०१३ सालीं जो सुटला असता, तोच मनुष्य २०१५ सालीं संशयांत सांपडला असता! १९९८ ते २०१८ चाललेली ‘सी. आय. डी.’ ही मालिका या दोन्ही काळांत वावरली. तिचे कर्ते बी. पी. सिंग यांनीं २००४ सालीं १११ मिनिटांचा एक भाग मध्यें कोठेंही न तोडतां चित्रित केला. त्याचा विक्रम म्हणून बोलबाला झाला. आम्हांस त्यांतील निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथें पात्रास एका खोलींतून दुसरींत जावयाचें तर चालावेंच लागतें, आणि तें चालणें प्रेक्षकाच्या घड्याळांत जमा होतें. प्रत्येक भाग असाच काढावा असें अर्थात् आमचें म्हणणें नाहीं; घोडबंदरचा सारा वळसा पडद्यावर पाहण्यास कोण बसेल?

प्रवास गाळणें निराळें आणि प्रवास खोटा करणें निराळें. पहिल्यांत प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास आहे. दुसऱ्यांत तिला गुंगारा आहे. गुन्हेगारानें दहा मिनिटांत अरण्य ओलांडलें असें धरूनच जेथें उलगडा होतो, तेथें ज्याच्या हातांत बेड्या पडल्या तो त्या कथेपुरता निर्दोष असतो. आणि आपण मात्र न्याय झाला असें समजून दूरचित्रवाणी बंद करतों.