येईलच असं नाही

मार्चमधल्या एखाद्या शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड करत पहाटे आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पोचणारी माणसं, आणि बर्फ पडल्याचं कळताच गाडीच्या टपावर स्की बांधून रातोरात डोंगराकडे सुटणारी माणसं मला एकाच कुळीतली वाटतात. एकांना सागरी कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतात, दुसऱ्यांना ताज्या बर्फावरून घसरायचं असतं. दोघांनीही सुट्टी काढलेली असते, पैसे भरलेले असतात, मुलांना कबूल केलेलं असतं. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते ठरल्या वेळी हजर असेल याची हमी दोघांनाही कुणी देऊ शकत नाही.

आपल्या प्रवासाची जुनी रीत अशी नव्हती. वारी, जत्रा, उरूस यांची तिथी ठरलेली. आषाढी एकादशीला विठोबा पंढरपुरात असणारच. शंका असायची ती आपले पाय तिथवर नेतील का, एवढीच. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपतीही तसाच. अठराव्या शतकात जीर्णोद्धार झालेलं हे देऊळ टेकडीवर उभं आहे, उजव्या सोंडेची मूर्ती आत आहे, बाहेर आलं की हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग दिसतो. बारा महिन्यांत कधीही जा, देव जागेवर आहे. पूर्वी अडचण होती ती पोचण्याची. हर्णैकडून यायचं तर जोग नदीची खाडी तरीतून ओलांडावी लागे. आता पूल आहे, गाडी थेट गावात येते. पोचण्यातली बहुतेक अनिश्चितता आपण रस्ते आणि पूल बांधून संपवून टाकली, आणि मला वाटतं, तिच्याबरोबर अनिश्चितता सोसण्याची सवयही बरीचशी गेली. म्हणून टेकडीखालच्या वाळूत पिल्लं दिसली नाहीत की माणसं कुणीतरी फसवल्यासारखी चिडतात.

बर्फाचंही तसंच. डोंगर पांढरा दिसला म्हणजे बर्फ चांगला असं नसतं. स्की करणाऱ्याला हवा असतो तो नुकताच पडलेला, कोरडा, भुसभुशीत बर्फ. एक-दोन दिवस ऊन लागलं की त्याचा वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि कडक, निसरडी खपली धरतो. म्हणून ही माणसं हवामानाचा अंदाज पाहून ऐनवेळी निघतात. कॅलिफोर्नियात राहणारी आपली मुलं टाहोच्या डोंगरात जातात तेव्हा घाटात चाकांना साखळ्या लावायला लागतात, कधी वादळानं रस्ताच बंद होतो. जे वादळ चांगला बर्फ आणतं, तेच वाट अडवतं.

आपल्याकडे या शोधाचं मोठं ठिकाण गुलमर्ग. साधारण २,६५० मीटर उंचीवरचं हे पठार आणि त्यावरचा अफरवत डोंगर यांना बर्फ मिळतो तो भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मिरी लोकांचे चिल्लई कलान, हे कडाक्याच्या थंडीचे आणि बर्फाचे. पण जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानात, गुलमर्गची कुरणं उघडी पडली होती. बर्फ पडायला महिनाअखेर उजाडली. २०२५ मध्ये तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. बर्फाअभावी त्या पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. पर्यटकाची एक सहल वाया गेली की तो हळहळतो आणि पुढच्या वर्षाचा विचार करतो. पण स्की भाड्यानं देणारा, शिकवणारा, घोडेवाला, हॉटेलात काम करणारा पोरगा यांच्यासाठी ते वर्षाचं उत्पन्न असतं.

आंजर्ल्यात हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे, म्हणून तो नीट सांगतो.

कोकणच्या किनाऱ्यावर येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री भरतीच्या रेषेपलीकडे येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फुटांचा सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू दाबून परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, उरलेली कोल्हे-कुत्रे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे वन विभागाची साथ मिळाली, इतर गावं जोडली गेली, आंजर्लेही त्यात आलं. गावातलेच कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी उचलून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहून पाटी रोवतात.

त्या पाटीवर घातल्याची तारीख असते, निघण्याची नसते. पिल्लं पंचेचाळीस दिवसांत निघतील की साठ, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू गार राहिली तर दिवस वाढतात, तापली तर कमी होतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ऊब ठरवते. जास्त तापमानात माद्या निपजतात, आणि फारच तापलं तर अंडी मरतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र एकेक टोपली उचलून पाहतो. भोवती दोरीपलीकडे माणसं श्वास रोखून उभी. खूपदा खाली फक्त वाळू असते. कधी ती वाळू मध्यभागी किंचित खचलेली दिसते, म्हणजे आत हालचाल सुरू आहे. आणि कधी टोपलीखाली काळी-करडी, तळहातात मावतील अशी पिल्लं एकमेकांवर चढत असतात. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूतच सोडतात, पाण्यात नाही. ते अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. लाट येते, दोन-तीन पिल्लांना उलटी करून मागे लोटते, ती पुन्हा सरळ होऊन चालू लागतात. मग लाट त्यांना घेऊन जाते.

हे पाहिलेला माणूस पुन्हा येतो. न पाहिलेला विचारतो, ‘उद्या नक्की निघतील ना?’ कासवमित्र म्हणतो, ‘सांगता येत नाही.’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि धंद्याच्या दृष्टीनं अवघड आहे. घरगुती निवासाच्या खोल्या शनिवार-रविवारी भरतात, पिल्लं मंगळवारी निघतात. अशा वेळी मंगळवारची काही पिल्लं शनिवारपर्यंत टबात ठेवली तर काय बिघडलं, असा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. बिघडतं ते असं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची थोडी शिदोरी शिल्लक असते. किनाऱ्याजवळच्या शिकारी माशांमधून सुटून खोल समुद्राकडे न थांबता पोहत जाण्यासाठी ती असते. टबात हातपाय मारण्यात ती संपली तर पुढे समुद्रात पिल्लू कमी पडतं. आपली एक संध्याकाळ साजरी होते आणि त्याची किंमत त्या पिल्लाच्या जगण्यातून वळती होते.

बर्फाच्या बाबतीत माणसानं हमी विकत घेतलीच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीच्या उतारांवरचा बर्फ जवळजवळ सगळा यंत्रांनी पाणी फवारून तयार केलेला होता. स्पर्धा वेळेवर झाल्या, पदकं दिली गेली. भोवतालचे डोंगर तपकिरी होते. ज्यांची वर्षांची मेहनत त्या दोन आठवड्यांवर अवलंबून होती, त्या खेळाडूंना मी दोष देणार नाही. पण सहलीला निघालेल्याला अशी हमी कशाला हवी? तो गावातली ठरलेली वेळापत्रकं सोडूनच तर निघालेला असतो. डोंगरानं आणि समुद्रानंही त्याच वेळापत्रकात बसायचं असेल, तर त्यानं घर सोडून पाहिलं काय?

हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तिथल्या होड्या रोज भरून येत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात झोपल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं जातात. इथल्या माणसाचं जगणंच ‘सांगता येत नाही’ या उत्तरावर उभं आहे. शहरातल्या माणसाला ते वर्षातून एकदा, दोन दिवस ऐकावं लागतं. तेवढं तरी ऐकायची तयारी हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. बर्फाच्या मागे शेकडो किलोमीटर धावणाऱ्या गाड्यांचा धूरही, थोडा का होईना, त्या बर्फाला पातळ करतो. कासवांसाठी येणाऱ्या आपल्या गाड्या त्याच हवेत धूर सोडतात, जिच्या उबेवर पिल्लांचं नर-मादी होणं अवलंबून आहे. म्हणून दोन दोन दिवसांच्या चार सहलींपेक्षा एकच चार दिवसांची करावी, हे माझं मत. जास्त दिवस राहिलं की टोपलीखाली काही सापडण्याची शक्यताही वाढते.

तेव्हा आंजर्ल्याला जरूर या. निघण्याआधी गावात फोन करून कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत ते विचारा. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश वापरू नका, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. गाडी वाळूत घालू नका. चाकांखाली दबलेल्या वाळूत न सापडलेलं घरटं असू शकतं. ‘आमच्यासाठी दोन तरी सोडा’ असा आग्रह कासवमित्राकडे धरू नका. आणि एकही पिल्लू न पाहता परतावं लागलं तरी ज्या घरात राहिलात त्यांच्याशी पैशांची घासाघीस करू नका. त्यांनी खोली आणि जेवण देऊ केलं होतं, कासव नव्हे.