लेझीमच्या रांगेतली मोकळी जागा

थोडं थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा आणि पाठ टेकवा. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या, मुद्दाम लांबवू नका. आज शाळेच्या गॅदरिंगचं मनन करायचं आहे. वाचताना मध्येच एखादं नाव आठवलं, तर वाचणं सोडून त्या नावाजवळ थांबलात तरी चालेल.

आधी ऋतू आठवा. धाराशिव जिल्ह्यातला डिसेंबर सरत आलाय. रानात शाळू कणसात भरतोय, बांधाकडून हुरड्याचा वास येतोय. सहामाही उरकली आहे आणि वार्षिक परीक्षेला अजून अवकाश आहे, म्हणून संमेलन याच दिवसांत. शाळा कळंबची असो, उमरग्याची, परंड्याची किंवा तुळजापूरची. काळ साठ-सत्तरच्या दशकातला धरा. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा 1975 साली झाली.

आता मैदानावर या. सकाळचं ऊन अजून कोवळं आहे आणि पायाखालची माती गार. तुमच्या एका हातात लेझीमचा लाकडी दांडा आहे, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. मांडीवरच्या तळहाताकडे लक्ष न्या. थंडीतल्या लोखंडाचा तो चटका आठवतो का? आठवला नाही तर ओढूनताणून आणू नका. दांड्यावरची गुळगुळीत झालेली जागा आठवेल. तुमच्या आधीच्या कितीतरी वर्गांच्या हातांनी ती तशी झाली होती.

पीटीच्या सरांची शिट्टी होते. चार आवाज. एक जगह. आदी लगाव. दो रुख. आगे फलांग. हुकूम हिंदीतले आणि हलगी गावातली. एकला साखळी ताणायची, दोनला मिटायची, तीनला पुन्हा ताणायची, चारला मिटायची. श्वास आत घेताना ताणा, सोडताना मिटा. असं काही वेळ मनातल्या मनात चालू द्या. पहिल्या दिवशी खळखळ नुसती विखुरलेली असते. कुणी आधी वाजवतं, कुणी मागाहून. पंधरा दिवसांच्या तालमीनंतर एका सकाळी अचानक सगळ्या साखळ्यांचा मिळून एकच आवाज येतो. त्या क्षणी आपला आवाज कोणता, हे ज्याचं त्यालाही ओळखू येत नाही. शाळेतल्या सगळ्या वर्षांत मला याहून मोठं शिक्षण दिसत नाही, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहितोय.

पलीकडे मुलींची तालीम चालू आहे. त्यांना फेर नव्यानं शिकवावा लागत नाही. पंचमीला झोके घेताना, फेर धरताना, झिम्मा-फुगडी खेळताना तो अंगात बसलेलाच असतो. मुलं एकीकडे, मुली एकीकडे अशी ती पद्धत होती. अमेरिकेतल्या हायस्कुलात शेवटच्या वर्षी प्रॉम नावाचा नाच होतो. त्यात बहुधा जोडीनं जायचं असतं आणि कुणीतरी कुणाला आधी विचारावं लागतं. आपल्याकडे कुणाच्या विचारण्याची वाट पाहावी लागत नव्हती. रांगेत उभा राहिला तो खेळात आला. कपडे साधे, तेही पुष्कळदा शेजारून मागून आणलेले. मला ही रांग अधिक प्रिय आहे, कारण तिच्यात न निवडलेला असा कुणी उरत नाही.

इथं क्षणभर थांबा आणि याच मातीतली एक जुनी गोष्ट मनात येऊ द्या. आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे आधीचं नाव मिळालं तेही सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावावरून. त्या राज्यात सभा-संमेलन भरवायचं तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. तसं बजावणाऱ्या ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाची आठवण सांगणारी माणसं मराठवाड्यात पुष्कळ वर्षं होती. अशा राज्यात, 1921 साली, आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक पुढे तिथं मुख्याध्यापक झाले. तेच मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या मुलांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. एकत्र उभं राहून एक गीत म्हणायची तेव्हा ही किंमत होती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर ती किंमत मोजावी लागली नाही. मग गॅदरिंग ही वर्षाकाठची साधी गोष्ट झाली, इतकी साधी की तिच्यामागं काय होतं ते आपण विसरलो. मैदानावर भरलेल्या त्या गर्दीकडे मनानं पुन्हा एकदा पाहा. कुणाचीही परवानगी न काढता जमलेली ही माणसं आहेत. श्वास घ्या. सोडा.

आता सगळ्यात अवघड भाग. घाई करू नका.

रांगेतल्या मोकळ्या जागा पाहा. दिवाळीपर्यंत तुमच्या शेजारच्या पाटावर बसणारा एक मुलगा आज मैदानावर नाही. भूम, वाशी, कळंबकडच्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरून ऊसतोडीला जातात. आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि घरात सांभाळायला कुणी नसलं की लेकरंही बरोबर जातात. ती परत येतात गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर संमेलन होऊन गेलेलं असतं, बक्षिसं वाटून झालेली असतात. 1972 च्या दुष्काळात तर वर्गच्या वर्ग विरळ झाले. खडी फोडायला गेलेल्या पोरांच्या हातात लेझीम कुठून येणार? मुलींच्या रांगेतली एक जागा लग्नामुळे मोकळी झालेली. तिचा आवाज चांगला होता, स्वागतगीत तीच म्हणायची.

यातल्या एकाचा किंवा एकीचा चेहरा समोर येऊ द्या. नाव आठवतं का? आडनाव? गाव? नुसता शर्टाचा रंग आठवला तरी पुरे. अपराधी वाटून घेऊ नका. ती जागा रिकामी होती एवढं आज नीट पाहा. तेव्हा आपण थोडं सरकून रांग जुळवून घेतली होती. सरांनीच तसं सांगितलं होतं, नाहीतर साखळ्यांचा आवाज एक झाला नसता.

लोहारा-उमरगा भागात आणखी एका तऱ्हेच्या जागा रिकाम्या आहेत. 29 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून दमलेली माणसं झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. सास्तूरसारख्या गावांत घराच्या दगडमातीखाली माणसं गेली. भिंतीवर टांगलेले फोटोही तिथंच राहिले. त्या माणसांविषयी जास्त लिहिणं मला जमत नाही. दोन श्वास त्यांच्यासाठी घ्या.

हळूहळू हात हलवा. जुन्या ट्रंकेत वर्गाचा फोटो असेल तर आजच काढा. सर खुर्चीवर आणि मागच्या रांगा बाकांवर उभ्या, असा तो असेल. पेन्सिलीनं त्याच्या पाठीवर आठवतील तेवढी नावं लिहा, आणि त्याखाली फोटोत नसलेल्यांचीही लिहा.

आणि एक मागणं आहे. आजही कोयत्याबरोबर गावं हलतात आणि आजही बहुतेक शाळांचं संमेलन डिसेंबर-जानेवारीतच भरतं. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाला शाळा भरतेच आणि ऊसतोडीच्या घरचं पोरही त्या दिवशी गावातच असतं. तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत कुणी ओळखीचं असेल तर यंदा त्यांना विचारा: आपलं गॅदरिंग त्या आठवड्यात घेता येईल का?