चालता आधार

आधार म्हटला की तो अचल असलाच पाहिजे, ही समजूत भारतीय तत्त्वविचारात आणि भारतीय संगीतात सारखीच खोल रुजलेली आहे. वेदान्ताने जगाच्या बुडाशी असलेले ब्रह्म अविकारी मानले, आणि मैफलीत तंबोऱ्याने षड्ज अखंड धरून ठेवला. दोन्हीकडे गृहीत एकच, की जे स्वतः हलते ते दुसऱ्याला सावरू शकत नाही. या गृहीताची कसोटी पाहणारे एक उदाहरण दर्शनग्रंथांच्या बाहेर, जॅझ संगीतातील ‘वॉकिंग बास’ या वादनपद्धतीत आढळते. ही पद्धत शिकताना भजनात घडलेल्या कानाला जी अडचण येते, ती बोटांची कमी आणि आधाराच्या कल्पनेची अधिक असते.

असा कान कोठे घडतो याचे उदाहरण म्हणून गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव घेता येईल. हे तालुक्याचे ठिकाण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या व जंगलाच्या पट्ट्यात मोडते. या पट्ट्यातील कान घडला तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांवर, दंडार या लोकनाट्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आणि धान निघाल्यावर रात्र रात्र चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकांच्या संगीतावर. या साऱ्या प्रकारांत, वाद्ये कितीही बदलली, पेटीची जागा की-बोर्डने घेतली आणि ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आले तरीही, एक गोष्ट बहुधा कायम असते: पेटीवाल्याने ‘काळी दोन’ अशी पट्टी धरली की पद संपेपर्यंत सा तेथून हलत नाही, आणि गाणारा कितीही वर गेला, आड गेला, तरी प्रत्येक स्वराचे नाते त्या एका सा शीच मोजले जाते.

वॉकिंग बासमध्ये नेमके हेच मोजमाप मोडते. पाश्चात्त्य सुसंवादी रचनेत एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहाला कॉर्ड म्हणतात, त्यातील ज्या स्वरावर समूह उभा असतो त्याला मूळस्वर म्हणता येईल, आणि हे समूह गाण्यात ठरावीक अंतराने बदलत जातात. बास वाजवणारा चार मात्रांच्या प्रत्येक खंडात, प्रत्येक मात्रेला एक, असे चार स्वर वाजवतो. पहिल्या मात्रेवर तो बहुधा चालू समूहाचा मूळस्वर ठेवतो, मधल्या मात्रांवर त्या समूहातील किंवा सप्तकातील स्वर घेतो, आणि चौथ्या मात्रेवर असा स्वर निवडतो की पुढच्या समूहाचा मूळस्वर अपरिहार्य वाटावा. १९३०च्या दशकात कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेज याने ही चाल जॅझच्या कण्यात बसवली; तेव्हा वाद्य होते उभे, लाकडी, माणसाएवढे. लिओ फेंडरचा विजेवर चालणारा बास गिटार बाजारात आला १९५१ मध्ये, आणि योगायोग असा की संगीतकार सी. रामचंद्र यांनी गोव्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाच्या साथीने ‘अलबेला’ या चित्रपटाची स्विंग ढंगाची गाणी बांधली तीही त्याच वर्षी पडद्यावर आली. मराठी कानावर जॅझची चाल पडली ती मुख्यतः अशी, चित्रपटाच्या आडवाटेने. पुढे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्यांनी बास गिटार घरोघरी पोचवला, परंतु चित्रपटगीतांतला बास बहुतेक वेळा एकच छोटा नमुना घोळवत राहतो, खऱ्या अर्थाने चालत नाही.

सा हा सी या स्वरावर धरून जॅझमधील सर्वांत रुळलेली तीन समूहांची मालिका घेतली, म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन, तर बासची एक साधी ओळ अशी होते: रे, म, ध, कोमल ध, प, नी, रे, कोमल रे, आणि मग सा. भजनी कानाला येथे पहिला धक्का बसतो तो शुद्ध धैवतापाठोपाठ आलेल्या कोमल धैवताचा, कारण एकाच स्वराची दोन रूपे लागोपाठ घेणे राग-संगीतात सहसा टाळले जाते आणि ललतातील दोन मध्यमांसारखे अपवाद अपवाद म्हणूनच ओळखले जातात. दुसरा धक्का अधिक मोठा आहे. पहिल्या चार मात्रांपुरता रे हाच घर असतो, पुढच्या चार मात्रांत घर प वर जाते, आणि सा ला ते स्थान मिळते सर्वांत शेवटी. प्राचीन शास्त्रात मूर्च्छनेची कल्पना होती, म्हणजे त्याच सप्तकाचा आरंभ निराळ्या स्वरापासून करून निराळी स्वरपंक्ती मिळवणे. पण मूर्च्छना एकदा ठरली की ठरली. ती दर दोन-तीन सेकंदांनी बदलत राहावी आणि तरीही गाणे कोसळू नये, हे येथे घडते.

असा चालता आधार भारतीय विचाराला मात्र सर्वस्वी अपरिचित नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात नित्यतेचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली कूटस्थ नित्यता, म्हणजे ऐरणीसारखी जराही न पालटणारी, जी पुरुषाची आहे. दुसरी परिणामी नित्यता, म्हणजे सतत बदलत असूनही जिचे स्वत्व नष्ट होत नाही अशी, जी गुणांची आहे. तंबोऱ्याचा षड्ज पहिल्या प्रकाराचा आधार मानला तर बासची ओळ दुसऱ्या प्रकारात बसते, आणि सांख्यांनी सारे दृश्य जग याच दुसऱ्या प्रकारावर उभे केले हे लक्षात घेता तिला दुय्यम लेखण्याचे कारण उरत नाही.

तरीही प्रश्न उरतो: क्षणात विरणाऱ्या सुट्या स्वरांची एक ओळ होते कशाने? याचे उत्तर शोधताना शाब्दबोधाची, म्हणजे वाक्यातून अर्थ कसा कळतो याची, जुनी चर्चा फार उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थाच्या तीन अटी आहेत. पदे वेळेने जवळ असावीत, ही सन्निधी. त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळावेत, ही योग्यता. आणि एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी, ही आकांक्षा. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ एवढेच म्हटले तर प्रत्येक शब्द निर्दोष असूनही वाक्य होत नाही, कारण कोणालाच कोणाची गरज नाही. नवशिक्याची बास-ओळ हुबेहूब अशी असते: तो समूहातले स्वर पाठ करून मात्रेबरहुकूम वर-खाली वाजवतो, एकही चूक करत नाही, आणि काहीच चालत नाही. सन्निधी आहे, योग्यता आहे, आकांक्षा नाही. ती येते चौथ्या मात्रेवर. वरच्या उदाहरणातील कोमल ध हा सरलेल्या समूहातही बसत नाही आणि येणाऱ्या समूहाचा नेहमीचा घटकही नाही; त्याचे समर्थन पूर्णपणे पुढच्या प मध्ये आहे. मीमांसकांनी शब्दाची एकता सांगताना आधीच्या वर्णांच्या संस्कारावर, म्हणजे स्मृतीवर, भर दिला. बासची एकता निम्मी तरी उलट दिशेने येते: अजून न वाजलेला स्वर वाजलेल्याला अर्थ देतो. म्हणून शिकणाऱ्याला एक सवय मुद्दाम लावावी लागते, ती म्हणजे बोट चालू समूहावर असताना ध्यान पुढच्या समूहावर ठेवण्याची, आणि सा वर ध्यान स्थिर करण्याच्या साधनेत वाढलेल्याला हे सुरुवातीला चंचलपणासारखे वाटते.

येथे वेदान्ती एक खरा आक्षेप घेऊ शकेल. स्वर हलले, हे मान्य. पण मात्रा हलली का? चार ठोके तेवढ्याच अंतराने पडत राहिले म्हणूनच स्वरांना भटकता आले, तेव्हा अचल तत्त्व नाहीसे झाले नसून स्वरातून लयीत गेले, एवढेच. या आक्षेपाला बौद्ध परंपरेकडून उत्तर मिळते, आणि ती परंपरा १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पूर्व विदर्भाला परकी राहिलेली नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का. आणि राजाला कबूल करावे लागते की ती तीच नाही व वेगळीही नाही, एका दिव्याच्या आश्रयाने प्रवाह चालला आहे. लय अशीच आहे. ती ठोक्यांच्या खाली अंथरलेली कोणती वस्तू नाही, ठोक्यांमधले नाते आहे, आणि वादक थांबले की मागे काही उरत नाही. बेसीच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेज, गिटारवादक फ्रेडी ग्रीन आणि ड्रमवादक जो जोन्स यांची लय कोणा एकाची म्हणून दाखवता येत नसे. प्रत्येक जण उरलेल्यांवर टेकून होता. आक्षेपातील एक भाग मात्र टिकतो: चालणाऱ्या आधारात नियमितपणा नसेल तर तो आधार राहत नाही. अचलता आणि विश्वसनीयता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या वादात त्या बरेचदा एक धरल्या गेल्या.

यावरून तंबोऱ्याच्या जागी बास आणावा असे निघत नाही. खंजिरी भजनाखाली किंवा भूपाच्या अभंगाखाली वॉकिंग बास घातला तर हानीच होते, कारण तेथे गंधाराची गोडी स्थिर सा पासूनच्या अंतरात असते, आणि खालचे घर सरकले की तो गंधार दर चार मात्रांनी निराळा अर्थ धारण करू लागतो. गाणाऱ्याने सांभाळलेला राग साथीदार नकळत पुसत जातो. झाडीपट्टी नाटकातील कॉर्डवर बांधलेल्या, चित्रपटवळणाच्या पदाला मात्र हीच चाल शोभते, आणि तेथे एकाच सुरावर ठाण मांडून बसलेला बास पदाला जड करतो. शिकणाऱ्याला दोन्ही यावे लागते, आणि पद सुरू होण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे हे ऐकून ठरवावे लागते.