रंगाआधीचे घासकाम



१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद होते आणि आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढून शाकारल्या जातात. जाळी दुरुस्त होतात, इंजिने खोलली जातात आणि पुन्हा दर्यात उतरण्याआधी होडीला नवा रंग लागतो. आपली नजर जाते ती वरच्या रंगाकडे, झेंड्यांकडे, पुढच्या टोकावर रंगवलेल्या क्रुसाकडे आणि संतांच्या नावाकडे. पण एखाद्या जुन्या नाखव्याला विचारा. तो सांगेल, खरी काळजी घ्यायची ती पाण्याखाली जाणाऱ्या तळाची. आणि तळाच्या बाबतीतही रंगापेक्षा रंगाआधीचे घासकाम मोठे. या घासकामाकडे आज आपण श्रद्धेच्या दृष्टीने पाहू या.

समुद्रात उतरलेल्या तळावर काही दिवसांतच बुळबुळीत थर धरतो. त्यावर शेवाळ येते. मग येतात बार्नॅकल. हा जीव लहानपणी पाण्यात मोकळा पोहतो. पुढे जागा निवडून डोके खाली टेकवतो, अंगातल्या गोंदाने स्वतःला चिकटवून घेतो आणि भोवती चुन्याचे कवच बांधतो. एकट्या बार्नॅकलने होडीचे काही बिघडत नाही. पण त्यांची दाटी झाली की होडी जड चालते आणि डिझेल जास्त जळते. वरून पाहणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही.

आपल्या जीवनात पाप असेच येते. कुंपणाच्या वादावरून भावाशी थांबलेले बोलणे, हिशेबात गुपचूप बाजूला ठेवलेली रक्कम, सुनेला रोज मारलेला एक टोमणा, एकाचे तीन झालेले संध्याकाळचे पेले. पहिल्या दिवशी ते हाताने पुसता आले असते. आज त्यावर कवच चढले आहे. घर चालते, धंदा चालतो, रविवारची मिस्साही चुकत नाही. पण सारे जड चालते.

तळ कसा तयार करतात? होडी वर ओढल्यावर तळ ओला असतानाच तो खरवडून धुतात, कारण एकदा वाळले की तेच कवच दगडासारखे बसते. कवच निघाले तरी त्याच्या बुडाची पांढरी गोल चकती तळावर उरते. तीही खरवडावी लागते. सुटलेला जुना रंग घट्ट थर लागेपर्यंत काढतात. भेगा भरतात. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासतात, धूळ पुसतात, लाकूड कोरडे होऊ देतात. त्यानंतर अस्तर आणि सर्वांत शेवटी रंग. रंगाला एखादा दिवस पुरतो, तयारीला कितीतरी दिवस लागतात.

त्या पांढऱ्या चकतीचा विचार करा. ‘आमचे भांडण मिटले’ असे आपण म्हणतो. लग्नाला जातो, हात जोडतो. पण त्यांच्या घराचा विषय निघाला की आवाज बदलतो. कवच निघाले, चकती राहिली!

एखाद्याला घाई असते. तो सुटलेल्या जुन्या रंगावरच नवा रंग चढवतो. होडी उतरते तेव्हा ती दुसऱ्या होड्यांइतकीच सुंदर दिसते. पण नवा रंग ज्या जुन्या रंगाला धरून असतो, त्या जुन्यानेच तळ सोडलेला असतो. थोड्याच महिन्यांत दोन्ही थर मिळून गळून पडतात. दोष रंगाचा नसतो. आपणही सणाच्या आदल्या दिवशी घाईघाईने पापनिवेदन उरकतो, नोव्हेना करतो, नवे कपडे घालतो आणि पुढच्या महिन्यात म्हणतो, ‘एवढी प्रार्थना केली, फरक पडला नाही.’ कृपा कमी पडली काय? की तिला धरायला आपण जागाच दिली नाही?

घासल्याने तळ गुळगुळीत चकचकीत व्हावा, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक चकचकीत पृष्ठभागावर हा रंग टिकत नाही. त्याला धरायला बारीक ओरखडे लागतात. फायबरच्या कोऱ्या करकरीत होडीवरही साच्यातले मेण राहिलेले असते. ते आधी धुऊन काढावे लागते आणि मगच घासावे लागते; नाहीतर मेण ओरखड्यांतच भरते. नवी आहे म्हणून तिला सूट नाही.

देव आजार आणि दुःखे देऊन आपल्याला घासतो, असे आम्ही म्हणणार नाही. पण खऱ्या शब्दाचा ओरखडा मात्र त्याच्याकडूनच येतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि तो निर्दय श्रीमंत माणूस तूच आहेस, हे तोंडावर सुनावले. राजा चिडला नाही. त्याने पाप कबूल केले. आपल्या घरी नाथान कोण? कधी पत्नी, कधी वयात आलेला मुलगा, कधी शेजारी. त्यांचे बोलणे लागते तेव्हा लगेच उत्तर देण्याऐवजी थोडे थांबू या. कृपा तेथेच धरते.

आता एका जहाजाची हकिगत. इंग्लंडच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजचा प्रवास करून आल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. तांब्यावर शेवाळ नव्हते, लाकडाला कीड नव्हती. पण खाऱ्या पाण्यात तांब्याशी संबंध आल्याने पत्र्याखालचे लोखंडी खिळे मात्र झिजून गेले होते! बाहेरून निर्मळ, आतून खिळखिळे. नोहाला तारू बांधताना देवाने आतून आणि बाहेरूनही डांबर लावायला सांगितले होते, हे येथे आठवते. लोकांना दिसणारी बाजू सांभाळताना घर एकत्र धरणारे खिळे तर झिजत नाहीत ना? विश्वास, वचन आणि संध्याकाळची एकत्र प्रार्थना हेच ते खिळे.

आणखी एक गोष्ट. तळाच्या रंगात विष असते. म्हणूनच त्यावर जीव बसत नाहीत. एकेकाळी ट्रायब्युटिल टिन नावाचे फार जहाल विष वापरत. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात त्यामुळे कालवांची शिंपले वेडीवाकडी जाड झाली आणि त्यांची पैदास घटली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांसाठी ते बंद केले. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. स्वतःची होडी स्वच्छ, पण ज्या पाण्यावर शेजारी जगतो ते पाणी नासलेले! आपली अब्रू राखण्यासाठी दुसऱ्यावर दोष ढकलणे हे असेच विष आहे. आज वापरात असलेल्या तांब्याच्या रंगाची धूळही घातक, म्हणून जाणकार पाणी लावून घासतात आणि मास्क बांधतात. आपले घासकामही असेच जपून व्हावे. पापनिवेदनात आपण स्वतःची पापे सांगतो, शेजाऱ्याची नव्हे. आणि चव्हाट्यावरील चर्चा म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

मग या आठवड्यात काय करायचे? एका संध्याकाळी दहा मिनिटे शांत बसू या आणि पाण्याखालची एकच जागा शोधू या. एकच, पण नेमकी. ज्याचे देणे असेल त्याला ते देऊ या. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याच्या दारी आपण आधी जाऊ या. आणि मग पापनिवेदनाला जाऊ या. ते सण जवळ येण्याची वाट पाहत ठेवू नये. तळ ओला असतानाच लवकर निघते.

मन खचू देऊ नये. १९८६ मध्ये गालील सरोवराचे पाणी आटले तेव्हा चिखलात प्रभू येशूच्या काळातील एक मासेमारी होडी सापडली. सुमारे आठ मीटर लांबीची ही होडी पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली होती. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांनी जोडलेली. शिमोन पेत्राची होडीही बहुधा यापेक्षा फार निराळी नसेल. प्रभू अशाच होडीत बसला, तेथून त्याने लोकांना शिकवले आणि मग तिला खोल पाण्यात न्यायला सांगितले.

तो प्रभू आपल्याही होडीत येवो, आपला तळ स्वच्छ करो आणि दर्यावर जाणाऱ्या आपल्या सर्व बांधवांना सुखरूप घरी आणो. आमेन.