स्मृतिफलक आणि आदरार्थी बहुवचन

स्मृतिफलकावरील 'येथे राहत होते' या क्रियापदाचे बहुवचन आदरार्थी असते. राहणारी व्यक्ती एकच अभिप्रेत असते. सोसायटी ऑफ आर्ट्सने १८६६ साली लंडनमध्ये आरंभिलेल्या फलकप्रथेतही एक घर, एक थोर व्यक्ती हेच समीकरण गृहीत होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते टिकत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळीत डॉ. आंबेडकर दोन खोल्यांत राहत. नळ, संडास, गॅलरी सामाईक. १९२७ चा महाडचा पाण्याचा सत्याग्रह याच वास्तव्यकाळातला. मग शेजाऱ्यांना वगळून त्यांचे स्मरण न्याय्य ठरते काय? सर्वांचीच नावे कोरल्यास स्मारकाची शिरगणती होईल, हा आक्षेप रास्त आहे. आमच्या मते उत्तर व्याकरणातच आहे: नाव एकाचेच असावे, परंतु 'होते' हे वास्तव बहुवचन म्हणून वाचावे. मग त्यांच्यासह राहणारेही त्या वाक्याचे कर्ते ठरतात. हे वाचन स्वीकारले, तर कोणत्याही चाळीच्या पुनर्विकासात फलक जपून रहिवाशांना विस्थापित करणे, हे स्मरण नव्हे. ते विस्मरणाचेच सभ्य रूप होय.